बारावी अर्थशास्त्राचा पेपर : येत असूनही गुण जातात ते कुठे, आणि कसे वाचवायचे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे बोर्डाच्या नाशिक विभागात येतात. निकाल लागला की आमच्या तालुक्यातली काही मुलं उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतात आणि ती घेऊन माझ्याकडे येतात. मी याच बोर्डातून अर्थशास्त्र घेऊन पुढे गेलो आणि आता संध्याकाळी मुलांना हाच विषय शिकवतो. त्या छायाप्रती वाचताना बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. मुलाला धडा येत असतो, पण प्रश्नात जे मागितलंय ते सोडून तो पाठ केलेलं लिहून मोकळा होतो. तपासनीस जे मागितलंय त्यालाच गुण देतो. बाकीची दोन पानं कितीही सुंदर अक्षरात लिहिली तरी ती मोजली जात नाहीत.

पहिल्यांदाच अर्थशास्त्राचा बोर्डाचा पेपर देणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कला शाखेतले असा की वाणिज्य, पेपर एकच आहे.

१. आधी पेपरचा सांगाडा डोक्यात बसवा

लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. उरलेले २० गुण कॉलेजकडे, प्रकल्प वगैरे अंतर्गत कामाचे. ८० गुणांची विभागणी अशी :

प्रश्न १ : वस्तुनिष्ठ (पर्याय निवडा, सहसंबंध पूर्ण करा, पारिभाषिक शब्द लिहा इत्यादी) – २० गुण
प्रश्न २ : (अ) संकल्पना ओळखून स्पष्ट करा, (ब) फरक स्पष्ट करा, दोन्हींत कोणतेही तीन – १२ गुण
प्रश्न ३ : थोडक्यात उत्तरे, कोणतीही तीन – १२ गुण
प्रश्न ४ : सहमत आहात की असहमत, सकारण, कोणतीही तीन – १२ गुण
प्रश्न ५ : तक्ता, आकृती किंवा उतारा यांवरचे प्रश्न, कोणतेही दोन – ८ गुण
प्रश्न ६ : सविस्तर उत्तरे, कोणतीही दोन – १६ गुण

तुमच्या वर्षी आराखडा बदललेला नाही ना, हे कॉलेजात विचारून घ्या.

आता हे आकडे नीट बघा. पहिल्या दोन प्रश्नांतच ३२ गुण आहेत आणि तिथे एकेक, दोन-दोन गुणांची छोटी उत्तरं आहेत. तरी मुलं वर्षभर फक्त मोठ्या प्रश्नांच्या मागे असतात. ज्याला पासिंगची धास्ती आहे त्याने आधी प्रश्न १ आणि २ पक्के करावेत, ही माझी ठाम सूचना.

वेळेचा हिशेब मी असा देतो : प्रश्न १ ला २० मिनिटं, प्रश्न २ ला २५, प्रश्न ३ आणि ४ ला प्रत्येकी ३०, प्रश्न ५ ला २०, प्रश्न ६ ला ४०. शेवटी १५ मिनिटं उरतात, ती तपासणीची. सराव परीक्षेत घड्याळ समोर ठेवून हे जमवा. बोर्डाच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग करू नका.

२. जवळ काय हवं

- हॉल तिकीट आणि कॉलेजचं ओळखपत्र
- एकाच शाईची दोन-तीन पेनं
- टोक केलेल्या दोन पेन्सिली, पट्टी, खोडरबर
- साधं काट्यांचं घड्याळ (मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ वर्गात चालत नाही)
- पाण्याची बाटली

तयारीसाठी बालभारतीचं पाठ्यपुस्तक आणि मागच्या काही वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका पुरतात. गाईड वापरायला हरकत नाही, पण व्याख्या पाठ्यपुस्तकातलीच पाठ करा. दोन गाईडांत एकाच संकल्पनेची दोन वेगळी नावं दिसली की मूल गोंधळतं.

परीक्षा केंद्र लांबचं असेल तर आदल्या दिवशी एकदा जाऊन या. तळोदा-अक्कलकुवा भागातल्या मुलांना सकाळच्या एसटीचा भरवसा धरून चालत नाही, तिथे ओळखीच्या घरी आदल्या रात्री मुक्काम केलेला बरा.

३. दोन गुणांना दोनच गुणांइतकं लिहा

‘संकल्पना ओळखून स्पष्ट करा’ यात दोन कामं आहेत : नाव लिहिणं आणि स्पष्ट करणं. नावाचा एक गुण, स्पष्टीकरणाचा एक. कित्येक उत्तरपत्रिकांत छान स्पष्टीकरण असतं आणि संकल्पनेचं नाव कुठेच नसतं. काहींत फक्त नाव असतं. पहिल्या ओळीत ‘संकल्पना : ...’ असं लिहून खाली रेघ मारा आणि मग दोन-तीन वाक्यांत स्पष्टीकरण द्या.

नमुना म्हणून हे वाक्य घ्या : ‘केळीचा भाव वाढल्याबरोबर रावेरच्या शेतकऱ्याने बाजारात जास्त केळी पाठवली.’ इथे घाईत मुलं ‘पुरवठ्यातील वृद्धी’ लिहितात. उत्तर आहे ‘पुरवठ्यातील विस्तार’, कारण बदल फक्त किमतीमुळे झालाय. किंमत तीच राहून चांगलं बियाणं, नवं तंत्र, स्वस्त मजुरी अशा दुसऱ्या कारणाने पुरवठा वाढला असता, तर ती वृद्धी. मागणीच्या बाजूलाही हेच : किमतीमुळे झाला तर विस्तार किंवा संकोच, किमतीशिवाय दुसऱ्या कारणाने झाला तर वृद्धी किंवा ऱ्हास. आकृतीत पहिल्या प्रकारात वक्र एकच राहतो, आपण त्यावर वर-खाली सरकतो. दुसऱ्या प्रकारात सगळा वक्रच उजवीकडे किंवा डावीकडे जातो. या एका गोंधळामुळे दोन गुणांच्या, चार गुणांच्या आणि आकृतीच्या अशा तिन्ही प्रश्नांत गुण जातात, म्हणून यावर एक संध्याकाळ खर्च करा.

‘फरक स्पष्ट करा’ लिहिताना मध्ये उभी रेघ मारून दोन रकाने करा. डाव्या रकान्यात अर्थ लिहिला तर उजव्यातही त्याच ओळीसमोर अर्थच यायला हवा. डावीकडे अर्थ आणि उजवीकडे उदाहरण असं झालं की तो फरक धरला जात नाही. दोन गुणांना दोन-तीन मुद्दे पुरेत, सहा मुद्दे लिहून वेळ घालवू नका.

हमखास विचारल्या जाणाऱ्या काही जोड्या : व्यापारतोल आणि व्यवहारतोल (पहिल्यात फक्त वस्तूंची आयात-निर्यात, दुसऱ्यात देशाचे परदेशाशी होणारे सगळे आर्थिक व्यवहार), नाणेबाजार आणि भांडवल बाजार (अल्पकालीन आणि दीर्घकालीन निधी), प्रत्यक्ष कर आणि अप्रत्यक्ष कर. शेवटच्या जोडीत वस्तू व सेवा कर अप्रत्यक्ष आहे आणि तो १ जुलै २०१७ पासून लागू झाला, एवढं लक्षात ठेवा.

४. चार गुणांच्या उत्तरात घरचं उदाहरण घाला, पण पुस्तकाच्या शब्दांत

आपल्या मुलांचा मोठा फायदा हा की अर्धा अभ्यासक्रम त्यांच्या घरात आहे. साठा आणि पुरवठा हा मुद्दा घ्या. शहरातल्या मुलाला तो पाठ करावा लागतो, आपल्याकडे घरातल्या खोलीत छतापर्यंत भरलेला कापूस मुलांनी पाहिलेला असतो.

समजा घरात ४० क्विंटल कापूस आहे. हा साठा. क्विंटलला ७,००० रुपये भाव असताना वडील १० क्विंटल विकायला तयार होतात, भाव ७,५०० झाला की २५ क्विंटल काढतात. त्या-त्या भावाला विकायला काढलेला १० किंवा २५ क्विंटल हा पुरवठा. साठा दोन्ही वेळा ४० च होता, किंमत वाढली म्हणून पुरवठा वाढला. पुरवठ्याचा नियम, साठा-पुरवठा फरक आणि पुरवठ्यातील विस्तार, तिन्ही एका उदाहरणात बसतात. आता याच्याशेजारी केळी ठेवा. कापलेला घड भावाची वाट बघत महिनाभर घरात राहू शकत नाही, म्हणून नाशवंत मालात साठा आणि पुरवठा जवळजवळ एकच होतो. हे वाक्य ज्या उत्तरात असतं त्यातून मुलाला विषय समजलाय हे लगेच कळतं.

पण सावध राहा. बाजार समितीत आपण आवक, उठाव, तेजी, मंदी म्हणतो. उत्तरात उदाहरण घरचं द्या आणि संज्ञा पाठ्यपुस्तकाच्याच लिहा : पुरवठा, मागणी, किंमतवाढ.

दुसरा धोका असा की उदाहरण नियमाच्या गृहीतकालाच धक्का देतं. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत (सीमांत उपयोगिता म्हणजे प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारं जादा समाधान) समजावताना एका मुलीने लिहिलं होतं की सकाळी एक केळं खाल्लं, दुपारी दुसरं, रात्री तिसरं आणि समाधान कमी होत गेलं. सिद्धांताच्या गृहीतकांत सातत्य आहे, म्हणजे नग एकापाठोपाठ एक उपभोगले पाहिजेत. तसंच सगळे नग सारखे हवेत. एक केळं मोठं, एक छोटं, एक कच्चं असं चालत नाही.

५. सहमत की असहमत : पहिली ओळ निर्णयाची

पहिल्या ओळीत ‘मी या विधानाशी सहमत आहे’ किंवा ‘असहमत आहे’ असं स्पष्ट लिहा. ‘काही अंशी सहमत’ लिहू नका.

विधानात ‘फक्त’, ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कोणताही नाही’ असे शब्द आले की थांबून विचार करा. बऱ्याचदा उत्तर असहमत असतं. उदाहरणार्थ, ‘मागणीच्या नियमाला कोणतेही अपवाद नाहीत.’ याला असहमत लिहून गिफेन वस्तू (भाव वाढूनही गरीब कुटुंब ज्या जास्त घेतं अशा हलक्या वस्तू), प्रतिष्ठेच्या वस्तू, सवयी, किमतीविषयीचे अंदाज असे तीन-चार अपवाद प्रत्येकी एका-दोन वाक्यांत समजावले की काम झालं. जळगावच्या सराफ बाजारात ‘भाव आणखी चढेल’ म्हणून महाग असतानाच सोनं घेणारं गिऱ्हाईक हे अंदाजाच्या अपवादाला चांगलं उदाहरण आहे.

अपवाद आणि टीका यांची सरमिसळ करू नका. अपवाद म्हणजे नियम कुठे लागू पडताना दिसत नाही ते. टीका म्हणजे नियमाच्या मांडणीवरचे आक्षेप, जसं की उपयोगिता ही मनातली गोष्ट, ती आकड्यांत मोजता येत नाही. प्रश्न अपवादांचा असताना टीका लिहिलेली मी कितीतरी उत्तरपत्रिकांत पाहिली आहे.

६. आकृती आणि तक्ता

प्रश्नपत्रिकेवरच सूचना असते की आवश्यक तिथे आकृती आणि तक्ता काढा. तरी मुलं आकृती शेवटी काढू म्हणून जागा सोडतात आणि ती जागा तशीच राहते. आकृती उत्तरासोबतच काढा.

गणिताच्या सवयीमुळे होणारी एक चूक इथे फार दिसते. गणितात ज्यामुळे बदल होतो ती राशी आडव्या अक्षावर घेतात, म्हणून मुलं किंमत आडव्या अक्षावर टाकतात. अर्थशास्त्रात आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञापासूनची रीत उलटी आहे : किंमत उभ्या अक्षावर, नगसंख्या आडव्या अक्षावर. अक्ष उलटे झाले की खालचं स्पष्टीकरण आकृतीशी जुळेनासं होतं.

दोन्ही अक्षांना नाव, वक्राला नाव, आरंभबिंदू आणि आकृतीखाली शीर्षक, हे पाच असल्याशिवाय पुढे जाऊ नका. अक्षरं तुमच्या पुस्तकात आहेत तीच वापरा.

उपयोगितेचा तक्ता स्वतः बनवता येतो. केळ्यांचाच बघा :

१ नग – एकूण उपयोगिता १०, सीमांत १०
२ नग – १८, ८
३ नग – २४, ६
४ नग – २८, ४
५ नग – ३०, २
६ नग – ३०, ०
७ नग – २८, –२

सीमांत रकान्याची बेरीज करत गेलात तर प्रत्येक ओळीला एकूण उपयोगिता मिळायला हवी. १०, ८, ६, ४, २ यांची बेरीज ३०. जुळली नाही तर तक्ता चुकलाय. सीमांत शून्य होते तिथे एकूण सर्वांत जास्त असते, आणि त्यानंतर सीमांत ऋण होते. म्हणून आकृतीत सीमांत उपयोगितेचा वक्र आडव्या अक्षाला छेदून खाली गेला पाहिजे. बरीच मुलं तो अक्षावर टेकवून थांबवतात आणि तक्त्यात मात्र –२ लिहिलेलं असतं.

७. आकडेमोड : सोपी, पण उलटी होते

मागणीची किंमत लवचिकता म्हणजे मागणीतील शेकडा बदल भागिले किमतीतील शेकडा बदल. समजा किंमत १०० वरून ८० झाली, म्हणजे २० टक्के घट. मागणी ५० वरून ६५ झाली, म्हणजे ३० टक्के वाढ. ३० ला २० ने भागलं की १.५ येतं, मागणी जास्त लवचिक. भागाकार उलटा केला तर ०.६७ येतं आणि निष्कर्ष कमी लवचिक असा निघतो. म्हणून आधी सूत्र लिहा, मग आकडे भरा. शेवटी ‘मागणी जास्त लवचिक आहे’ हे वाक्य लिहायला विसरू नका, नुसता आकडा अर्धंच उत्तर आहे.

निर्देशांकात (आधार वर्षाच्या तुलनेत किमती किती बदलल्या ते दाखवणारा आकडा) दोन सापळे आहेत. लासपेअर पद्धतीत आधार वर्षाची नगसंख्या घेतात, पाशे पद्धतीत चालू वर्षाची. आणि दुसरा, निकालाचा अर्थ. आधार वर्षी एकूण ५०० रुपये लागत होते आणि चालू वर्षी ६५० लागतात, तर निर्देशांक १३०. किमती ३० टक्क्यांनी वाढल्या. ‘१३० टक्क्यांनी वाढल्या’ असं लिहिलं की गुण गेला.

८. राष्ट्रीय उत्पन्न : दुहेरी गणना

हा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण यातल्या दुहेरी गणनेवर प्रश्न येतोच. पुन्हा कापूसच घ्या. शेतकऱ्याने कापूस ४० रुपयांना विकला. जिनिंगवाल्याने त्याची रुई ६० ला विकली, गिरणीने सूत करून ९० ला, आणि कापड शेवटी १३० ला विकलं गेलं. (सरकी आणि इतर खर्च सोप्यासाठी बाजूला ठेवू.) सगळ्यांची बेरीज ३२० येते. पण त्या ३२० मध्ये कापसाची किंमत चारदा मोजली गेली. म्हणून एक तर अंतिम वस्तूची किंमत घ्या, १३०. नाहीतर प्रत्येकाने घातलेली भर मोजा : ४०, २०, ३०, ४०. बेरीज पुन्हा १३०. दोन्ही रीतींनी उत्तर सारखं आलं हे लिहून दाखवा.

याच धड्यात शिष्यवृत्ती, वृद्धापकाळ निवृत्तिवेतन अशी हस्तांतरित देणी राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. कारण लिहा : त्यांच्या बदल्यात चालू वर्षात कुठली वस्तू किंवा सेवा निर्माण झालेली नसते.

९. उतारा आणि तक्त्याचा प्रश्न

उत्तर उताऱ्यातच असतं. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. पहिल्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातून द्या आणि तुमचं मत विचारलं असेल तर तिथे उतारा पुन्हा उतरवून काढू नका. बाजू घ्या आणि एक-दोन कारणं द्या. हा प्रश्न मुलं शेवटी ठेवतात आणि वेळ संपतो. मी तर सांगतो, प्रश्न २ झाला की हाच सोडवा.

१०. आठ गुणांचं उत्तर

तिन्ही पर्याय वाचा आणि ज्यात आकृती किंवा तक्ता काढता येतो त्याला आधी हात घाला. तिथे गुण मिळवणं सोपं जातं. सिद्धांत विचारला असेल तर क्रम असा ठेवा : दोन ओळींची प्रस्तावना, सिद्धांताचं विधान, गृहीतकं, तक्ता, आकृती, स्पष्टीकरण, आणि विचारले असतील तरच अपवाद. विधानात ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द आलेच पाहिजेत.

पद्धती विचारल्या असतील, उदाहरणार्थ राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धती, तर उत्पादन, उत्पन्न आणि खर्च या तिन्हींना सारखी जागा द्या. पहिल्या पद्धतीवर दीड पान आणि तिसरीवर दोन ओळी असं झालं की गुणही त्याच प्रमाणात पडतात.

वर्ष, नाव खात्रीचं असेल तरच लिहा. भारतीय रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५, राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४९. सेबीची (भांडवल बाजारावर देखरेख करणारी संस्था) स्थापना १९८८, वैधानिक दर्जा १९९२. सूक्ष्म आणि स्थूल (अर्थशास्त्राच्या दोन शाखांची नावं) हे शब्द अर्थशास्त्रज्ञ रॅग्नर फ्रिश यांनी १९३३ मध्ये वापरले. नाणे आणि भांडवल बाजाराच्या धड्यातल्या तारखांची सगळ्यांत जास्त अदलाबदल होते, म्हणून या कागदावर लिहून अभ्यासाच्या जागी भिंतीवर लावा.

११. शेवटची पंधरा मिनिटं आणि निकालानंतर

बैठक क्रमांक, पुरवण्यांची संख्या आणि पुरवणी बांधली आहे की नाही, हे आधी बघा. मग प्रश्न क्रमांक. उत्तर बरोबर आणि समास कोरा असलेल्या उत्तरपत्रिका असतात, तपासनीसाने कुठे गुण द्यायचे हे त्याला कळत नाही. उपप्रश्नाचं अक्षरही लिहा. नंतर आकृत्यांवर एक नजर फिरवा, अक्षांची नावं राहिलेली असतात ती भरा. ‘कोणतेही तीन’ असताना चौथं लिहून झालं असेल तर त्याची काळजी करू नका, पण एखादा प्रश्न दोनच उत्तरांवर सुटला असेल तर तिथे दोन ओळी तरी लिहा.

गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी आले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानंतरच करता येतो. दोन्हींची मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच कॉलेजच्या कार्यालयात तारखा विचारा. छायाप्रत हातात आली की विषयाच्या शिक्षकांसोबत बसून एकेक प्रश्न पाहा. कुठलं उत्तर तपासायचं राहिलंय किंवा बेरीज चुकली आहे असं दिसलं तर अर्ज करा, आणि गुण कुठे व का गेले ते वहीत लिहून तुमच्यामागून अकरावीत असलेल्या भावंडाला ती वही द्या.